फिल्म मालकाने काढायची

आमच्या दुकानात एक रीत आहे. रिमोटच्या गाडीची बॉडी मी घडवतो, रंगही मीच देतो, पण तिच्यावरची फिल्म मी काढत नाही. ती मालकाने काढायची, माझ्यासमोर, गल्ल्याशेजारच्या टेबलावर. रीत माझ्या उस्तादांची. ते म्हणायचे, पोराचं तोंड आधी आईबापांनी बघावं, सुइणीने नाही. सुईणच आधी बघते हे त्यांना कोणी कधी सांगितलं नाही, कारण त्यांना काही सांगायची कोणाची टाप नव्हती.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. या गाड्यांची बॉडी म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचं पातळ टरफल. लाकडाचा साचा कोरायचा, प्लास्टिकचा पत्रा तापवून मऊ करायचा, साच्यावर टाकायचा आणि पंपाने खालून हवा ओढून घ्यायची. पत्रा साच्याला असा बिलगतो की दारांच्या मुठीसुद्धा उमटतात. रंग द्यायचा तो आतून, म्हणजे गाडी उलटली, भिंतीवर आपटली, तरी ओरखडा प्लास्टिकला पडतो, रंगाला नाही. आतून द्यायचा म्हणून सगळंच उलटं: बारीक नक्षी आधी, मोठा रंग नंतर, आणि सर्वांत शेवटी मागून पांढऱ्याचा हात. बाहेरच्या बाजूला पातळ फिल्म असते, फवारा उडून ती मळून जाते. काम संपतं तेव्हा आत पांढरं आणि बाहेर मळकट. मधला खरा रंग फिल्म निघेपर्यंत कोणालाच दिसत नाही, मलाही नाही.

उभ्या हयातीत मला या रितीची भीती वाटली नाही. शिझुओकात छोट्या गाड्या बनवणारे पैशाला पासरी आहेत, पण कोणाला आपल्या आजोबांच्या ट्रकचा उडालेला हिरवा हवा असेल, तर तो मोचिझुकी कुनिहिकोचं, म्हणजे माझंच दार ठोठावायचा. मी रंग डोळ्याने जुळवतो. रंग मोजायचं यंत्र बाजारात आलं तेव्हा ते विकायला आलेल्या पोराला मी म्हणालो होतो, "आंधळ्यांना वीक जा."

आंधळ्यांना वीक जा! वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो म्हणतात, ते खोटं नाही.

दोन वर्षांपूर्वी, लाकूड बघायला जातो असं तोशिएला, माझ्या बायकोला सांगून, मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टर पोरगेलासा होता. म्हणाला, "आजोबा, हल्ली याचं काही नाही. सकाळी यायचं, दुपारी घरी." मी विचारलं, नंतर रंग बदलतील का? तो खुशीत म्हणाला, "बदलतील म्हणजे काय! सगळं लख्ख दिसेल. आत्ता तुम्ही पिवळ्या काचेतून जग बघताय." त्याला वाटलं, चांगली बातमी देतोय. मी टोपी घातली आणि बाहेर पडलो, तो परत गेलोच नाही.

कारण मला हिशेब कळला होता. पिवळ्या काचेतून, म्हणजे कधीपासून? त्या काचेतून किती बॉड्या रंगवल्या? हामामात्सूचा एक गृहस्थ मला आठवू लागला. त्याने फिल्म काढली, बराच वेळ गप्प राहिला, कमरेत वाकून आभार मानले आणि परत कधी फिरकला नाही. तेव्हा मी समजलो होतो की गडी भारावला. आता त्याचं ते गप्प राहणं मला जेवताना आठवायचं. ऑपरेशन केलं तर पहिल्याच दिवशी माझीच कामं मला दिसणार, आणि गावाला कळणार की कुनिहिकोचा डोळा गेला. त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची. मी बाटल्या जागेवरून ओळखायला लागलो. अंधारून आलं की दिव्यांभोवती केसाळ वलयं दिसायची आणि राखाडी कपड्यातला माणूस तर अंगावर येईपर्यंत दिसायचा नाही, म्हणून गुडघ्याचं निमित्त काढून मी आमची छोटी गाडी चालवणं सोडून दिलं. तोशिएने गुडघ्याला लावायला मलम आणलं. ते मी निमूटपणे लावत होतो.

अशात ओइशी इसामु आला. इसामु माझा शाळेपासूनचा दोस्त. जन्मभर चहाच्या कंपनीचा ट्रक चालवला, निवृत्त झाल्यावर घरी बसून बायकोचं डोकं खाऊ लागला, तेव्हा तिनेच त्याला त्सुबामे बालवाडीच्या बसवर चिकटवला. आता सकाळी पोरं आणायची, दुपारी सोडायची, आणि ज्यांचे आईबाप उशिरापर्यंत कामावर असतात त्यांना दिवेलागणीला सोडायचं. पोरं त्याला बस-आजोबा म्हणतात. ट्रकवर होता तेव्हा भुवया कायम चढलेल्या असायच्या. आता खिशात रुमालाऐवजी कागदाचे पक्षी असतात.

"कुनि, गॅदरिंगला पडद्यामागून आपली बस आली पाहिजे," तो म्हणाला. "इवलीशी. पण हुबेहूब. पोरांना वाटलं पाहिजे, बस धुतली आणि आटली."

"रंग?"

"तोच तर तुझ्याकडे आणलाय." त्याने पिशवीतून बसच्या डिझेलच्या टाकीचं झाकण काढून टेबलावर ठेवलं. "बालवाडीच्या जुन्या बाईंनी निवडलेला रंग आहे. फुजीचा."

फुजीच्या वेलाला मे महिन्यात लोंबणाऱ्या फुलांचा तो फिकट जांभळा. नाजूक रंग आहे. निळा थेंबभर जास्त झाला तर थंड पडतो, कमी झाला तर भलतीकडे जातो.  नाही म्हणायला हवं होतं. पण इसामुला नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि इसामुच्या पोटात तीळ भिजत नाही.

साचा झाला, पत्रा ओढून झाला. कोरीवकामात मला अडचण नव्हती, ते बोटांना कळतं. रंगाच्या दिवशी तोशिए याइझुला तिच्या बहिणीकडे गेली होती. मी मुद्दाम इसामुला बोलावून घेतलं. दुकानाच्या दारात, दुपारच्या उजेडात, आम्ही दोघं उकिडवे बसलो. मी कपात रंग मिसळायचा, पट्टीवर ओढायचा, झाकणाशेजारी धरायचा. मला जुळल्यासारखं वाटे, पण जिवाला खात्री नाही. मग इसामुने पट्टी हातात घेतली, जवळ नेली, लांब धरली.

"हेच! तंतोतंत. आता हात लावू नकोस, बिघडवशील."

"नक्की ना? नीट बघ."

"अरे, रोज सकाळी ती बस मी पुसतो. बायकोचं तोंड विसरेन, पण तो रंग नाही."

मला इतकं हायसं वाटलं की मी त्याला आतून साके आणून दिली. पोरं सोडायची आहेत म्हणून त्याने घेतली नाही. माझा डोळा नसेल, पण इसामुचा तर आहे, या भरवशावर मी त्याच दुपारी बॉडी रंगवली, मागून पांढरा दिला, आणि झाकण त्याला परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तोशिए परतली. मोरीत माझे कप धुता धुता तिने आतून विचारलं, "अहो, पीचचा रंग छान जमलाय. कोणाची गाडी?"

 मी धावत मोरीत जाईपर्यंत तिने थिनरने कप लख्ख पुसून पालथा घातला होता.

"पीच म्हणजे कसला पीच?"

"पीच म्हणजे पीच. खातो तो."

"जांभळट नव्हता?"

"असेलही," ती म्हणाली. "मला रंगातलं कळत नाही, तुम्हीच म्हणता ना."

हो, मीच म्हणतो. आता त्या एका वाक्यावर लटकून राहायची पाळी माझ्यावर आली. तोशिएला खरंच कळत नाही का? तिने घेतलेले पडदे, तिच्या छत्र्या, सगळं आठवून पाहिलं. वाळलेला रंग वेगळाच दिसतो, कपाच्या तळाशी तर दिसतोच. शिवाय इसामु चुकेल कसा? पट्टी मी फेकून दिली होती. झाकण बसवर होतं. आणि खरा रंग होता खोक्यातल्या बॉडीवर, फिल्म आणि पांढऱ्याच्या मध्ये बसलेला.

नवीन बॉडी ओढता आली असती. पत्रा होता, साचा होता. पण रंग जुळवणार कोण? हेच डोळे. तोशिएला शेजारी बसवून विचारत विचारत मिसळला असता, पण मग दोन वर्षांचं गुडघ्याचं मलम तिला काय सांगून समजावणार होतो? दिवसातून दहादा मी खोका खिडकीशी नेई, फिल्मच्या कडेला नख लावी आणि परत ठेवून देई. एक कोपरा उचलला असता तरी तोही मला याच डोळ्यांनी बघायचा होता. जेवण जाईना. ओदेनच्या रश्शातला मुळासुद्धा मला गवतासारखा लागला.

"अंडं उबवताय का?" तोशिए म्हणाली. "सारखे त्या खोक्यापाशी."

शेवटी मी इसामुला फोन केला. "थंडी पडलीय रे. रंग नीट वाळलेला नाही. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी देतो."

"आता तुझे रंग थंडीला भ्यायला लागले? अजिबात नाही. पोरांनी कॅलेंडरवर फुल्या मारल्यात. गुरुवारी शेवटच्या फेरीची पोरं घेऊन तुझ्याकडे थांबतो, वाटेवरच तर आहेस. बाईंची परवानगी काढलीय. फिल्म पोरंच काढतील."

"फिल्म मालकाने काढायची असते."

"मालक तीच आहेत. मी नोकर माणूस." आणि त्याने हसत फोन ठेवला.

गुरुवार उजाडला. मी मनाशी बहाणे रचत होतो. दुकानातल्या दिव्याने रंग असा दिसतो. बाहेर नेल्यावर बघा. प्लास्टिकमधून रंग थोडा बदलतोच. यातलं एकही वाक्य मी गिऱ्हाइकाला कधी म्हटलेलं नव्हतं; दुसरे म्हणतात तेव्हा मी त्यांना हसतो. आभाळ भरून आलं आणि दिवस लवकर कलला. बस दारात येऊन उभी राहिली तेव्हा समोरच्या न्हाव्याने दिवा लावलेला होता.

कोतोमीबाई, बालवाडीतली तरुण शिक्षिका, पुढे. मागून हात धरून सहा पोरं. सर्वांत मागे इसामु, नवरदेवाच्या बापासारखा. पोरांच्या डोक्यावर आपापल्या गटाच्या रंगाच्या टोप्या, कोणाची फुजी, कोणाची पीच. तोशिएने सगळ्यांना संत्री वाटली. मी बॉडी टेबलावर ठेवली आणि उस्तादांच्या जागी, म्हणजे टेबलाच्या पलीकडे, उभा राहिलो. 

"हळूच हं," कोतोमीबाई म्हणाल्या. "एका बाजूने."

पोरं कसली हळू काढतायत. त्सुमुगी नावाच्या एका चुणचुणीत मुलीने कोपरा धरला, बाकीच्यांनी तिला धरलं, आणि चर्रकन फिल्म निघाली. छत, मग खिडक्यांच्या कडा, मग पोटावर बालवाडीची उडणारी पाकोळी. नक्षी झकास उतरली होती. पोरांनी "ओऽऽ" केलं आणि ते मध्येच थांबलं.

मला बॉडी दिसत होती. मला ती फुजीची दिसत होती. पण मी बॉडीकडे बघतच नव्हतो, मी तोंडांकडे बघत होतो. कोतोमीबाईंच्या ओठांवर हसू होतं ते तसंच राहिलं, नुसतं चिकटवल्यासारखं.

"किती गोड रंग," त्या म्हणाल्या. "गोडच आहे अगदी."

"ही आपली बस नाही," त्सुमुगी म्हणाली. "आपली फुजीची आहे. ही पीच गटाची बस आहे."

"पीच! पीच!" पीच गटातली दोघं नाचायला लागली.

 तोशिएने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्याकडे, आणि परत माझ्याकडे. संसारात इतकी वर्षं घालवलेल्या बाईला सांगावं लागत नाही.  आता इसामु बोलणार. आता तो म्हणणार, कुनि, हे काय केलंस.

इसामु मोठ्याने हसला. "काय गं भवाने, आजोबांची थट्टा करतेस? हीच तर आपली बस!" त्याने बॉडी दोन्ही हातांत उचलली, बाहेर नेली आणि उभ्या बसच्या अंगाला लावून धरली. "ये, कुनि, बघ. सख्ख्या बहिणी! मी म्हटलं नव्हतं?"

मी दारात जाऊन पाहिलं. खरंच सख्ख्या बहिणी. सुटलो, मला वाटलं. खोटं कशाला सांगू, पहिला विचार हाच आला की सुटलो. गिऱ्हाईक खूश आहे. पोरं काय, काहीही बोलतात. तोशिएला रात्री काहीतरी सांगू. मी कमरेत वाकलोसुद्धा, नेहमीसारखा, आणि वाकल्या वाकल्याच माझ्या लक्षात आलं.

मला सख्ख्या बहिणी दिसतात कारण माझ्या डोळ्यांत पिवळी काच आहे. मग इसामुला का दिसतात?

"चला, चढा," इसामु म्हणत होता. "उशीर झाला. त्सुमुगी, संत्र्याची सालं खाली टाकायची नाहीत." तो चढून आपल्या जागेवर बसला. बसचे दिवे लागले आणि त्यांच्याभोवती ती केसाळ वलयं उमटली. त्यालाही तशीच दिसत असतील. इथून पुढे नदीच्या बांधावरचा रस्ता, त्याला कठडा नाही, आणि या वेळेला शाळेची मुलं गडद गणवेशात सायकलवरून परततात. मी त्या रस्त्याला का जात नाही, हे मला माहीत होतं. गाव मात्र गुडघाच धरून बसलं होतं.

बोलायचं तर सगळंच बोलावं लागणार होतं, तोशिएसमोर, बाईंसमोर. उद्यापर्यंत बातमी न्हाव्याकडे आणि परवापर्यंत हामामात्सूत. गप्प बसलो तर बस जाईल, आणि बहुतेक काहीच होणार नाही. रोज जातेच की. आजही जाईल.  इसामुने इंजिन सुरू केलं तेव्हा मी बसच्या उघड्या दाराच्या पायरीवर पाय ठेवला.

"इंजिन बंद कर."

"काय झालं?"

"बंद कर आधी. पोरांनो, टोप्या काढा. सगळ्यांनी. इकडे द्या."

पोरांना तो खेळ वाटला. सहा टोप्या माझ्या हातात आल्या. मी त्या मिसळल्या आणि पायरीवर मांडायला लागलो, फुजी गटाच्या डावीकडे, पीच गटाच्या उजवीकडे. दिव्याखाली धरून बघितल्या, मनापासून प्रयत्न केला. माझ्या लेखी त्या सहाही एकाच पेटीतल्या होत्या.

"बरोबर लावल्या का गं?" मी त्सुमुगीला विचारलं.

ती खदखदून हसली. "आजोबा, सगळं चुकलं!"

"चुकणारच. आजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दोन वर्षं झाली." हे मी पोरीला सांगितलं, पण मोठ्याने, मागे दारात उभ्या असलेल्या तोशिएला ऐकू जाईल असं. मग टोप्या पुन्हा मिसळून मी इसामुपुढे धरल्या. "आता तू."

"हा काय पोरखेळ लावलायस? यांना मी रोज चढवतो-उतरवतो. त्सुमुगी फुजीत, तो मागचा पीचमध्ये..."

"नावाने नको. टोपी बघून."

"तुझे डोळे गेले म्हणून माझे गेले काय रे?" त्याचा आवाज चढला. ट्रकवरच्या दिवसांतला आवाज होता तो. कोतोमीबाई अर्धवट उठल्या. "सत्तरीला लायसन्स नवं करून घेतलंय मी! तपासून दिलंय त्यांनी! रंग चुकवलास तो कबूल कर, माझ्या बसवर का येतोस?"

"तू म्हणालास तंतोतंत. दारात बसून. पोरं म्हणतात पीच. आपल्या दोघांत आणि पोरांत कोणाचं खरं, तेवढं बघू. चुकला नाहीस तर पोरांसमोर कान धरतो."

त्याने टोप्या माझ्या हातातून हिसकावून घेतल्या. एक उचलली, डावीकडे ठेवली. दुसरी उचलली, डोळ्यांशी नेली. वरचा दिवा लावला. दुसरी परत घेतली, पहिलीशेजारी धरली, मग पहिलीही उचलून घेतली. या वेळेला त्सुमुगी हसली नाही. कोणीच हसलं नाही. लहान पोरांना सगळं कळतं. इसामुने सहाही टोप्या एकावर एक रचल्या आणि मांडीवर ठेवल्या.

मग त्याने किल्ली फिरवून काढली आणि माझ्याकडे न बघता कोतोमीबाईंच्या हातात दिली.

बाईंनी बालवाडीत फोन केला. कोणीतरी दुसरा चालक येईपर्यंत पोरं पुन्हा दुकानात आली, आणि मागच्या अंगणातल्या चाचणीच्या ट्रॅकवर मी बॉडी चाकांवर चढवून त्यांना ती बस चालवायला दिली. पीच गटाची बस म्हणून त्यांनी ती एव्हाना मान्य करून टाकली होती. भांडण होतं ते फक्त आधी कोण चालवणार याचं. इसामु दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसला. मी त्याच्याशेजारी बसलो. त्याने सरकून जागा दिली नाही, पण उठूनही गेला नाही.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "आणि तू रंग देत राहिलास."

"तू बस चालवत राहिलास."

"मला माहीत नव्हतं रे."

"नव्हतं?"

तो हातांकडे बघत म्हणाला, "गेल्या आठवड्यात पुलाच्या अलीकडे मी करकचून ब्रेक दाबला. काहीतरी होतं असं वाटलं. खाली उतरून बघितलं, तर काही नव्हतं. पोरांना सांगितलं, मांजर होतं." मग म्हणाला, "मांजर दिसलं म्हणून नाही दाबला. काहीच दिसेना म्हणून दाबला."

तोशिएने चहा आणून दिला. इसामुला दिला, मला दिला. "सोमवारी दोघांची वेळ घेते डॉक्टरकडे," ती म्हणाली. "आणि ते मलम मी माझ्या कमरेला लावते आता." यापुढे ती काय काय बोलणार होती ते सगळं तिच्या आवाजात होतं, पण त्या घडीला तेवढंच बोलली. मी मान खाली घालून चहा प्यायलो. माझी भीती गेली नव्हती. उद्या न्हाव्याच्या दुकानात काय बोलतील, हामामात्सूच्या माणसाला कळलं तर तो काय म्हणेल, लख्ख निळ्या जगात माझी कामं कशी दिसतील, सगळं जागच्या जागी होतं. फक्त त्याच्यावर एक मोठी भीती येऊन बसली होती, पुलाअलीकडची, म्हणून ते लहान वाटत होतं.

बस न्यायला मुख्याध्यापिकाबाईंचा नवरा आला. कोतोमीबाईंनी पोरांना रांगेत चढवलं. जाताना त्सुमुगीने इसामुला विचारलं, "बस-आजोबा, तुम्ही नाही येत?" तो म्हणाला, "मी आज सुट्टीवर." तिने आपली टोपी त्याच्या नाकासमोर धरली आणि म्हणाली, "ही फुजी. लक्षात ठेवा." मग तीही चढली.

बसचे दिवे लागले. खिडक्या उघडल्या आणि पोरं ओरडायला लागली, "बस-आजोबा! टाटा! बस-आजोबा!" आम्ही दोघंही बाकावरून उठलो आणि हात हलवायला लागलो. खिडक्यांतून काहीतरी हलत होतं, फिकट, गोळा-गोळा. त्यात त्सुमुगी कुठली, ते मला दिसेना, आणि इसामुलाही दिसत नसणार, कारण तो नुसता उजेडाकडे बघून हात हलवत होता. दोन्ही दिवे वलयांसकट वळले, लहान झाले. आम्ही हलवत राहिलो. इसामुच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

मागून तोशिए दारात आली. बराच वेळ आमच्याकडे बघत उभी राहिली असावी.

"अहो," ती हळूच म्हणाली, "बस केव्हाच गेली. तो न्हाव्याचा दिवा आहे."